ट्रकपुढे कारच्या वेगाला किंमत असते

ट्रक आणि कारची समोरासमोर धडक झाली, की कारचा चक्काचूर होतो आणि ट्रकचा जेमतेम बंपर वाकतो. त्यावरून लोक ठरवून टाकतात की ट्रकने कारवर जास्त बल लावले. दिसते ते खरे आहे, निष्कर्ष मात्र साफ चूक आहे. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार दोन्ही गाड्यांवरचे बल प्रत्येक क्षणी समानच असते. अशीच गफलत खुद्द तत्त्वज्ञ देकार्तनेही केली होती: १६४४ साली त्याने असा नियम मांडला होता, की लहान वस्तू स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूला हलवूच शकत नाही. गतीचे माप म्हणून त्याने आकार आणि वेग यांचा गुणाकार धरला, पण दिशा सोडून दिली. भौतिकशास्त्रज्ञ हायगेन्सने पुढे त्याचे टक्करीचे नियम खोडून काढले.

१,००० किलोची कार आणि १५,००० किलोचा भरलेला ट्रक, दोन्ही ताशी ६० किलोमीटरने येऊन धडकले आणि एकमेकांत अडकले, असे धरू. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग; दिशा उलट असल्याने दोन्ही संवेगांची वजाबाकी ८,४०,०००. तिला १६,००० किलोंनी भागले, की ट्रकच्या दिशेने ताशी ५२.५ किलोमीटर वेग उरतो. ट्रकचा वेग साडेसातने घटला. कार मात्र ६० ने पुढे जाता जाता ५२.५ ने मागे रेटली गेली, म्हणजे फरक ११२.५ चा. वस्तुमानाने गुणून पाहा, संवेगातला बदल दोघांचाही १,१२,५००. बल सारखेच, पण कारमधल्या माणसाच्या बरगड्यांना तो ११२.५ चा फरक सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास झेलावा लागतो.

या गणितात धडकेआधीचा आणि नंतरचा एकूण संवेग सारखाच धरला आहे. ब्रेक आणि घर्षण असताना संवेग अक्षय्य कसा, हा आक्षेप रास्त आहे. पण सेकंदाच्या त्या दहाव्या भागात करकचून दाबलेला ब्रेकही फार तर ताशी अडीच किलोमीटर वेग खातो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: मरतो कारवालाच, मग जड गाडी घ्यावी हेच बरे. जड गाडीने आपला वेगबदल घटतो, हे खरे. पण तो समोरच्या हलक्या गाडीच्या माथी जातो. आणि काँक्रीटच्या भिंतीवर आदळताना जादा वजन कामी येत नाही, उलट जिरवायची ऊर्जा वाढते.

सर्वांत घातक समजूत वेगळीच आहे: ट्रकपुढे आपल्या चिमुकल्या कारच्या वेगाला काय किंमत? कारचा वेगबदल ठरतो तो दोघांच्या वेगांच्या बेरजेवरून. वरच्या उदाहरणात ट्रक ६० ऐवजी ४० ने आला, तर कारचा वेगबदल ९३.७५ वर येतो. ट्रक ६० वरच राहिला आणि कार ४० ने आली, तरीही ९३.७५ च. पत्रा चुरगाळणारी ऊर्जा तर बेरजेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून ती दोन्ही वेळा तीस टक्क्यांहून अधिक घटते.