मी आंब्याला आवडतो?

शाहूवाडी तालुक्यातून, मलकापूरच्या बाजूच्या एका वाडीवरून, आमच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी कोल्हापुरात राहून कॉलेज करते आणि जोडीला स्पॅनिश भाषा शिकते. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून पुढे बाहेर शिकायला जावे, असे तिच्या मनात आहे. पण क्लासमध्ये 'मला, तुला, त्याला' या सर्वनामांपाशी ती अडली. "मराठी माध्यमातल्या मुलींना हे जमायचे नाही, आधी इंग्रजी पक्के करा," असे तिला सगळ्यांदेखत ऐकवले गेले. पोरगी आता क्लास सोडायचे म्हणते.

बाई, मुलीला क्लास सोडू देऊ नका. तिला जे सांगितले ते साफ चुकीचे आहे. नेमक्या याच ठिकाणी मराठी बोलणारे पोर इंग्रजीवाल्याच्या दोन पावले पुढे असते. कसे ते पाहू.

इंग्रजीत 'मी आंबा आवडतो' अशी वाक्याची ठेवण असते. आवडणारा 'मी' हा तिथे कर्ता. मराठीत आपण म्हणतो, 'मला आंबा आवडतो.' स्पॅनिश माणूसही अगदी तसेच म्हणतो, 'मे गुस्ता एल मांगो.' 'मे' म्हणजे मला. आंबे अनेक झाले की आपण 'आवडतात' म्हणतो, तोही 'मे गुस्तान लोस मांगोस' म्हणतो. क्रियापद आंब्याच्या मागे जाते, माणसाच्या नाही. इंग्रजीच्या वाटेने येणारा विद्यार्थी पहिल्या दिवशी 'यो गुस्तो' लिहून मोकळा होतो. त्याचा अर्थ काय होतो ठाऊक आहे? 'मी (कोणाला तरी) आवडतो.' आंब्याला विचारून घ्यावे लागेल! डोके दुखते तेव्हाही 'मे दुएले ला काबेसा', म्हणजे डोके मला दुखते. शाहूवाडीच्या आजीला हे वाक्य समजावून सांगावे लागणार नाही.

दुसरी गोष्ट. आपण 'पुस्तक पाहतो' म्हणतो, पण 'आईला पाहतो' म्हणतो. माणूस आला की 'ला' लागतो, वस्तूला सहसा लागत नाही. स्पॅनिशमध्येही 'बेओ एल लिब्रो', पण 'बेओ आ मि माद्रे'. आईच्या आधी तो छोटा 'आ' आला, तोच आपला 'ला'. इंग्रजीत असे काही नाही.

आता जिथे मराठी पोर खरोखर घसरते तिथे येऊ. आपण 'तिला पाहिले' म्हणतो आणि 'तिला पुस्तक दिले' असेही म्हणतो. दोन्हीकडे 'तिला'. स्पॅनिशमध्ये हे दोन 'तिला' वेगळे आहेत. जिला पाहिले, तिच्यासाठी 'ला', पुरुषासाठी 'लो'. जिला काही दिले, सांगितले, लिहिले, तिच्यासाठी 'ले', आणि हा 'ले' बाईला व पुरुषाला एकच. 'ला बेओ' म्हणजे तिला पाहतो. 'ले दोय एल लिब्रो' म्हणजे तिला किंवा त्याला पुस्तक देतो. ओळखायचे कसे? वाक्यात 'काय दिले, काय सांगितले' याचे उत्तर असेल, तर ते घेणारा माणूस 'ले'. (खुद्द स्पेनमधले पुष्कळ लोक पुरुषाला पाहिले तरी 'ले' म्हणतात. त्याने गोंधळू नये. शिकणाऱ्याने 'लो' धरून चालावे.)

आणखी एक खोड आपली. 'पुस्तक आणलेस का?' असे विचारले की आपण 'हो, आणले' म्हणतो. पुस्तकासाठी वेगळा शब्द घालत नाही. स्पॅनिशमध्ये तो घालावाच लागतो : 'सि, लो त्राखे.' हा 'लो' गाळला की वाक्य लंगडे होते. मुलीच्या वहीत लाल रेघा बहुधा इथेच असतील.

जागेचा नियम सोपा आहे. ही सर्वनामे क्रियापदाच्या आधी बसतात. दोन आली तर आधी माणूस, मग वस्तू : 'मे लो दा', मला ते देतो. मराठीचाच क्रम. मात्र 'ले' आणि 'लो' शेजारी आले की 'ले'चा 'से' होतो : 'से लो दोय', त्याला ते देतो. आज्ञा करताना ती शेपटीसारखी मागे चिकटतात : 'दामेलो', दे-मला-ते. 'देऊ नको' म्हणताना पुन्हा पुढे येतात : 'नो मे लो देस.'

आणि हे शब्द आपल्याला परके तरी कुठे आहेत? पालीत 'मे, ते, नो, वो' ही लहान सर्वनामे आहेत. मला, तुला, आम्हाला, तुम्हाला. ती वाक्याच्या आरंभी येत नाहीत, दुसऱ्या शब्दाच्या आधाराने राहतात. स्पॅनिशमध्ये 'मे, ते, नोस, ओस'. ही लिहिणाऱ्याची कल्पना नव्हे. पाली आणि लॅटिन एकाच भाषाकुळातल्या, आणि स्पॅनिश ही लॅटिनची लेक. ज्या बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही म्हणून फारसी घ्यावी लागली, त्यांनी पुढे पाली व्याकरण आणि शब्दकोशाचे काम केले. महाराष्ट्र शासनाने ते 1998 साली त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या 16 व्या खंडात छापले. मुलीने तो खंड वाचनालयात जरूर पाहावा.

शेवटी मानाची गोष्ट, कारण ती आपल्या घरांत विसरली जात नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना गावात वयाने लहान असलेलेही 'अरे-तुरे' करीत. 'त्याला बोलव' आणि 'त्यांना बोलवा' यांत काय अंतर आहे, हे आपल्याला व्याकरणाच्या पुस्तकातून शिकावे लागले नाही. स्पॅनिशमध्ये 'तू' म्हणजे 'तू'च. मानाचा शब्द 'उस्तेद'. तो 'आपली मेहेरबानी' अशा अर्थाच्या जुन्या संबोधनातून झिजून आला आहे, म्हणून त्याचे क्रियापद आणि सर्वनाम तृतीय पुरुषी. 'उस्तेद' म्हटले की पुढे 'ते' चालत नाही, 'लो, ला, ले' हवे. नाहीतर 'साहेब, तुम्ही बसा, तुला चहा देतो' असे होते. मुलाखतीत हीच चूक पटकन कानाला लागते. आणि समोरचा आपल्याला 'तू' म्हणतो की 'उस्तेद', हेही मुलीने ऐकत राहावे.

सरावाला तीन वाक्ये देतो. मुलीने ती स्पॅनिशमध्ये करून आम्हाला पाठवावीत, तपासून परत पाठवू : 'मला करवंदे आवडतात.' 'पत्र आले का? हो, ते मी आईला दिले.' 'सर, मी आपल्याला उद्या फोन करते.'

सप्रेम जयभीम.