जुगाड करा, पण वाऱ्यात टिकेल असा!



"सर, भांडवल नाही, शेड कशी उभारू?" हा प्रश्न सारखा येतो. आज उत्तर बघू एका बेटावरून.

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलँड बेटं. डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम 6 तासांचा. झाडं फारशी नाहीत, म्हणजे लाकूड बाहेरून आणायचं. तिथल्या छोट्या शेतकऱ्याला क्रॉफ्टर म्हणतात. भाजीसाठी साधं पॉलिहाऊस उभारलं, की हिवाळी वादळ त्याचा कागद फाडणार!

मग नॉर्थमेव्हिन भागातल्या गावकऱ्यांच्या संस्थेने काय केलं? सॅमन मत्स्यपालनातले जुने पाइप घेतले, त्यांच्या कमानी केल्या आणि वर पॉलिकार्बोनेटचे पत्रे बसवले. नाव दिलं पॉलिक्रब. पूर्वी कोबीची रोपं ज्या दगडी आडोशात वाढवायचे, त्याचं नाव प्लँटिक्रब, त्यावरून हे. आज पॉलिक्रब शेटलँडबाहेरही विकलं जातं.

माझं स्पष्ट मत सांगतो. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं नाही. पाइप भंगारातले चालले, पण पत्रा मजबूतच लागला. म्हणजे जिथे वारा लागतो तिथे पैसा घाला, बाकी जुन्यावर भागवा. आपल्याकडे उलटं होतं. कर्ज काढून चकाचक शेड बांधतो, आणि मालासाठी, पगारासाठी हातात काही उरत नाही. मग पहिल्याच मंदीत हप्ते थकतात.

तेव्हा आज दोनच गोष्टी लिहून काढा. तुमच्या धंद्याला वारा कुठून लागतो? आणि शेजारच्या कारखान्यातून भंगारात काय जातं?