जुन्या रेडिओतला कंडेन्सर

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. पुढे घरोघरी आलेले मर्फी, फिलिप्स, बुशचे व्हॉल्व्हवाले रेडिओ आपल्या भागात काही घरांत फळीवर अजून आहेत. मुले ते उतरवतात, पुसतात आणि थेट प्लग लावतात. हे करू नये. माझे खाते शेतीचे, पण पंपाचा कंडेन्सर ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे सहज कळेल.

वीज आत शिरते तिथे पुष्कळ रेडिओंत एक मेणकागदी कंडेन्सर असतो. मोटारींची खरखर तारेतून येते, ती अडवणे हे त्याचे काम. तो दोन तारांमध्ये असतो, नाहीतर तारेपासून चेसिसपर्यंत. इतक्या पावसाळ्यांची ओल कागदात मुरलेली असते. पहिला शॉर्ट झाला तर धूर, प्रसंगी आग. दुसरा शॉर्ट झाला तर पत्र्यात करंट उतरतो, आणि दोन पिनांच्या प्लगला अर्थिंग कुठले? काही संचांत तो बटणाच्या अलीकडे असतो. बटण बंद, तरी त्याच्यावर वीज आहेच.

नवा घालताना ६३० व्होल्ट छापलेला साधा कंडेन्सर चालत नाही; तो आकडा डी.सी.चा. दोन तारांमध्ये 'एक्स २', २७५ व्होल्ट ए.सी.चा घ्यावा. तारेपासून चेसिसला मात्र 'वाय २'च; तो बिघडला तर सहसा शॉर्ट न होता तुटावा अशीच त्याची घडण असते. मायक्रोफॅरड जुन्याइतकेच ठेवावेत. ०.०१ मधून चेसिसवर पाऊण मिलिअँपिअर येतो, ०.१ मधून सात, हात झटकतो. पंख्याचा अडीचचा कुणी तिथे लावला तर जिवाशी गाठ.

ए.सी.-डी.सी. संचात तर चेसिसच विजेच्या एका तारेला जोडलेले असते. तो जाणत्या मेकॅनिककडेच न्यावा.

कंडेन्सर बदलल्यावर पहिल्यांदा साठ वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये घालून रेडिओ लावावा, एलईडी नको. बल्ब उजळून मंदावला तर ठीक. लख्खच राहिला तर प्लग काढा, आणि मोठ्या फिल्टर कंडेन्सरमध्ये वीज साठलेली असते म्हणून लगेच आत हात घालू नका.