बँक बुडाली तर रांगेत आपण कितव्या?

'दिवाळखोरी' हा शब्द दिसला की आपण पान उलटतो. तो मोठ्या उद्योगपतींचा विषय, आपला काय संबंध? पण मैत्रिणींनो, बँकेची मुदत ठेवीची पावती साड्यांच्या घडीत जपून ठेवणारी प्रत्येक बाई कायद्याच्या भाषेत धनको असते. आपण म्हणतो, पैसे बँकेत 'ठेवले'. कायदा म्हणतो, तुम्ही ते बँकेला उसने दिले. आणि उसने घेणाऱ्याचं दिवाळं निघालं की पैसे मागणाऱ्यांची रांग लागते. त्या रांगेत कोण पुढे आणि कोण मागे, हे आधीच ठरलेलं असतं.

ही रांग कशी चालते, ते आपल्या स्वयंपाकघरातल्या उदाहरणानं पाहू. वाशिम जिल्हा सोयाबीनचा. रिसोडपासून कारंजापर्यंत दसरा-दिवाळीचा बाजार कसा होणार, हे सोयाबीनचा भाव ठरवतो. न्यूट्रेलाच्या सोयावड्या आपल्या घरात कधी ना कधी आलेल्या असतातच. त्या बनवणारी रुची सोया ही देशातली तेलाची मोठी कंपनी. कर्ज फिटेना, म्हणून डिसेंबर २०१७ मध्ये तिचं प्रकरण मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात गेलं. तेव्हा २०१६ चा नादारी व दिवाळखोरीचा कायदा नवाच होता. हा कायदा सांगतो की कंपनी थकली तर तिचा कारभार मालकाकडून काढून घ्या, सगळे बँकवाले मिळून समिती करा, कंपनीला नवा मालक शोधा आणि नाहीच मिळाला तर ती मोडीत काढा.

रुची सोयाला नवा मालक मिळाला तो पतंजली. बँकांचं आणि वित्तसंस्थांचं येणं होतं ९,३०० कोटींच्या वर. पतंजलीची योजना ४,३५० कोटींची. म्हणजे रुपयामागे निम्म्याहून जास्त पैसे बँकांना सोडावे लागले. गंमत अशी, की ही कंपनी विकत घेण्यासाठी पतंजलीला ३,२०० कोटींचं कर्ज बँकांनीच दिलं, आणि त्यात पुढाकार स्टेट बँकेचा. डिसेंबर २०१९ मध्ये व्यवहार पुरा झाला. कंपनी आज पतंजली फूड्स या नावानं चालते.

यात वाईट काय झालं? खरं तर बरंच चांगलं झालं. कारखाने चालू राहिले, बँकांना काहीतरी मिळालं. पूर्वी असे दावे पंधरा-पंधरा वर्षं कोर्टात पडून राहत आणि यंत्रं गंजून जात. पण निर्णय घेणाऱ्या समितीत बसतात ते कर्ज देणारे. ज्यांनी माल उधार दिला, ट्रक लावले, पोती पुरवली, त्यांना तिथे मत नसतं. कंपनी मोडीत निघाली तर आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारण असलेल्या बँका आणि कामगारांचा दोन वर्षांचा पगार, मग इतर नोकरदार, मग विनातारण कर्ज देणारे, आणि बाकीचे त्यांच्याही मागे. शेअरवाले अगदी शेवटी. रुची सोयाच्या जुन्या भागधारकांकडे शंभर शेअर होते, तिथे एक उरला.

आता आपल्या पैशाकडे येऊ. दिवाळखोरीचा हा कायदा बँकांना लागू नाही. बँक बुडते ती वेगळ्या रस्त्याने. रिझर्व्ह बँक आधी निर्बंध लावते, मग परवाना रद्द करते, आणि सहकारी बँक असेल तर सहकार खातं तिच्यावर अवसायक नेमतं. हे सगळं आपल्या शेजारी घडून गेलं आहे. मानोरा-कारंजाला लागूनच असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातली बाबाजी दाते महिला सहकारी बँक. नावातच महिला. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं तिच्यावर निर्बंध घातले आणि एका खातेदाराला फक्त ५,००० रुपये काढता येतील असं सांगितलं. विचार करा, लग्न ठरलंय, दवाखाना चालू आहे, लेकीची फी भरायची आहे, आणि हातात पाच हजार!

वर्षभरानं, नोव्हेंबर २०२२ मध्ये, परवानाच रद्द झाला. तोवर ठेव विमा महामंडळानं तिथल्या ठेवीदारांना २९४ कोटींहून जास्त रक्कम दिली होती. हे शक्य झालं ते २०२१ च्या दुरुस्तीमुळे. निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे द्यायचे, अशी ती दुरुस्ती. त्याआधी पुण्याच्या रुपी बँकेच्या ठेवीदारांनी २०१३ पासून किती वर्षं वाट पाहिली, ते त्यांनाच विचारा.

हा विमा आहे ५ लाखांचा, व्याज धरून. फेब्रुवारी २०२० पूर्वी तो १ लाखाचाच होता. यवतमाळच्या बँकेबाबत रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की सुमारे ७९ टक्के ठेवीदारांना त्यांची पूर्ण रक्कम मिळेल. वाचायला बरं वाटतं. पण उरलेले? पाचातला एक ठेवीदार असा, की ज्याचे पाच लाखांवरचे पैसे रांगेत अडकले. अवसायक कर्जं वसूल करणार, त्यातून विमा महामंडळानं दिलेले पैसे आधी परत करणार, आणि मग काही उरलं तर यांचा नंबर. निवृत्तीचे, शेत विकल्याचे, नवऱ्याच्या पश्चात मिळालेले पैसे बहुतेक एकरकमीच येतात आणि आपण ते एकाच बँकेत टाकतो. तिथेच घात होतो. एकाच बँकेच्या दोन शाखांत ठेवले तरी विमा एकच. तुमचं एकटीचं खातं आणि नवऱ्यासोबतचं जोडखातं मात्र वेगळं धरतात. त्याच बँकेचं कर्ज तुमच्या नावावर असेल तर ते वजा होऊनच पैसे हातात येतात.

पतसंस्थेचं काय? तिथे हा विमा नाहीच. ना गावातल्या पतसंस्थेला, ना झगमगीत शाखा उघडणाऱ्या मल्टिस्टेटला. दोन टक्के जास्त व्याज मिळतं ते या जोखमीचंच, पण दारावर येणारा एजंट ते सांगत नाही. सगळ्या पतसंस्था वाईट, असं मुळीच नाही. अडीअडचणीला त्याच उभ्या राहतात. पण बुडाली तर मागे कोणी उभं नाही, एवढं ठाऊक असू द्या.

कंपन्यांच्या ठेवींचंही तेच. डीएचएफएल ही घरकर्ज देणारी कंपनी २०१९ मध्ये याच दिवाळखोरी कायद्याखाली गेली. तिच्या ठेवीदारांना समितीत मत होतं, पण बँकांच्या पुढे ते कितीसं? त्यांच्या वाट्याला आलेली रक्कम एकूण मागणीच्या पाव हिश्श्यापेक्षाही कमी होती. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती योजना कायम ठेवली.

आणखी एक गोष्ट, जी घरात कोणी समजावून सांगत नाही. नवऱ्याची किंवा दिराची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असते, बँकेचा माणूस कागद घेऊन येतो, आणि 'इथे सही कर' म्हटलं की आपण करतो. ती सही जामीनदाराची असते. डिसेंबर २०१९ पासून अशा जामीनदारांनाही दिवाळखोरीचा कायदा लागू झाला आहे. कंपनीचं कर्ज तडजोडीत कमी झालं म्हणून जामीनदार आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं मे २०२१ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे नवा मालक कंपनी घेऊन मोकळा, आणि उरलेल्या रकमेसाठी नोटीस तुमच्या नावावर, तुमच्या घरावर. सही करण्याआधी कर्ज किती, तारण काय आणि जामीन कशापुरता, एवढं तरी वाचायला मागा. 'तुला काय कळतं त्यातलं' असं उत्तर आलं, तर पेन खाली ठेवायला हरकत नाही.