आधी घरचा सर्व्हर, मग पुण्याचा क्लायंट

जिंतूर तालुक्यातील बोरीची मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जातात. इकडे धाकट्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर अडला, की थोरला तिकडून म्हणतो, "आबा, तुमचा पडदा मला दाखवा." आणि नेमके तेच जमत नाही. म्हणून आम्ही आज हा विषय घेतला आहे.

या कामाला दोन प्रोग्राम लागतात. ज्याचा पडदा पाहायचा, त्या संगणकावर सर्व्हर. जो पाहणार, त्याच्याकडे क्लायंट. सर्व्हर म्हटले की मोठे यंत्र डोळ्यांपुढे येते, पण येथे बोरीतला साधा संगणकच सर्व्हर असतो. केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी प्रयोगशाळेत १९९०च्या दशकात तयार झालेली व्हीएनसी ही पद्धत अशीच चालते. आधी सर्व्हर सुरू करावा, मगच क्लायंट.

जोडणी नाकारल्याचा संदेश चटकन आला, तर बहुधा सर्व्हर सुरूच नाही किंवा पोर्ट क्रमांक चुकला आहे. व्हीएनसीचा नेहमीचा पोर्ट ५९०० असतो. बराच वेळ काहीच घडले नाही, तर पत्ता तपासावा आणि फायरवॉल अडवते आहे का ते पाहावे. १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता घरापुरताच असतो. पुण्याहून तो सापडत नाही. त्यासाठी राउटरमधून थेट वाट मोकळी करू नये. व्हीएनसीच्या जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरे धरली जातात. त्यापेक्षा एनीडेस्कसारखा प्रोग्राम दोन्हीकडे उघडावा. घरच्यांनी पडद्यावरचा क्रमांक सांगायचा आणि विचारणा आली की परवानगी द्यायची, एवढेच.

मात्र हाच क्रमांक भामटेही मागतात. २०१९च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कद्वारे होणाऱ्या फसवणुकीचा इशारा बँकांना दिला होता. परवानगी मिळताच समोरच्याला आपला पडदा दिसतो, खात्याचा ओटीपीसुद्धा. म्हणून "बँकेतून बोलतो" म्हणणाऱ्याला क्रमांक सांगू नये. फोन आपण लावलेला असावा, माणूस ओळखीचा असावा. काम संपताच प्रोग्राम बंद करावा.

शहरातल्या मुलांनाही आमचे सांगणे आहे. सगळा अर्ज तुम्हीच भरून मोकळे होऊ नका. माउस आईच्या हाती राहू द्या, तुम्ही फक्त पाहा आणि सांगा. पुढच्या वर्षी तीच शेजारच्या लेकराचा अर्ज भरून देईल.