हाताखालची माणसे

आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची पहिली पिढी आता नुसती नोकरदार राहिलेली नाही. कोणी बँकेत शाखाधिकारी आहे, कोणी लोटे-परशुरामच्या कारखान्यात पाळीप्रमुख, कोणी रुग्णालयात परिसेविका, कोणी मुख्याध्यापक. त्यांच्या हाताखाली माणसे आहेत. शिकावे कसे आणि नोकरी मिळवावी कशी, यावर अशा स्मरणिकांतून पुष्कळ लिहिले गेले. हाताखालच्या माणसाला कसे वागवावे, हेही शिकावे लागते, याविषयी मात्र आपण फारसे बोललेलो नाही.

राजापूर तालुक्याला हा विषय परका नाही. शंभर वर्षांपूर्वी कोकणातला माणूस मुंबईच्या गिरणीत शिरे तो बहुधा जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या ओळखीने. जॉबर कामावर घेई, कामावरून काढी, रजा देई, प्रसंगी कर्जही देई; आणि नोकरी टिकवायची तर त्याला दस्तुरी द्यावी लागे. मालक दूर, मॅनेजर दूर. कामगाराच्या लेखी गिरणी म्हणजे जॉबर. १९३१ च्या व्हिटली आयोगाच्या अहवालाने जॉबरच्या हातून भरतीचा अधिकार काढून घ्यावा आणि स्वतंत्र कामगार-अधिकारी नेमावेत, अशी शिफारस केली. आपल्या समाजाची गाऱ्हाणी त्याहून खोल होती. धोट्यातील कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागतो, या सबबीवर चांगल्या मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेशच नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ठणकावून मांडला.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेबांकडे मजूर खाते होते. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ ची. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. असे अधिकारी तयार करण्यासाठी मुंबईत १९४७ साली सुरू झालेली संस्था आज नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाने ओळखली जाते. ही मोठी कमाई होय. पण कल्याण अधिकारी त्याच्या खोलीत बसतो. यंत्रापाशी कामगाराच्या शेजारी उभा असतो तो पर्यवेक्षक. उत्तम फिटर म्हणून त्याला बढती मिळालेली असते. माणसे सांभाळण्याचा एक तासही त्याला कोणी शिकवलेला नसतो. आणि जिथे पाचशे सोडा, पंधराच माणसे आहेत, त्या काजू कारखान्यात, आंब्याच्या कॅनिंगमध्ये, पतसंस्थेत किंवा शाळेत तर कल्याण अधिकाऱ्याचा प्रश्नच येत नाही. तिथे वरिष्ठाचा स्वभाव हाच कायदा.

स्वभावावर भिस्त ठेवू नये, हे तथागतांच्या संघाने फार पूर्वी ओळखले होते. विनयातील महावग्गात याची एक बोलकी हकीकत आहे. एक-दोन वर्षांचे नवखे भिक्खूच शिष्य करू लागले आणि शिष्यांना वळण लागेना. तेव्हा दहा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय कोणी उपाध्याय होऊ नये, असा नियम झाला. त्यानंतर निराळीच अडचण उभी राहिली. आपली दहा वर्षे झाली, एवढ्याच भांडवलावर अजाण भिक्खू शिष्य करू लागले. गुरू अडाणी आणि शिष्य जाणता, असा प्रकार दिसू लागला. मग नियम सुधारला गेला: दहा वर्षेही हवीत आणि पात्रताही हवी. आपल्याकडच्या शाळांत, कचेऱ्यांत आणि कारखान्यांत आपण या गोष्टीच्या पूर्वार्धापाशीच थांबलो आहोत. सेवाज्येष्ठतेची यादी लागते, वरचा निवृत्त होतो, खालचा खुर्चीवर बसतो.

ती पात्रता कोणती, तेही धम्मात सांगितले आहे. सिगालोवाद सुत्तातील सहा दिशांपैकी खालची दिशा म्हणजे आपल्याकडे काम करणारी माणसे. मालकाची पाच कर्तव्ये तिथे येतात: झेपेल तेवढेच काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात शुश्रूषा करणे, विशेष गोडधोड वाटून खाणे, वेळोवेळी सुट्टी देणे. वेतनाचा उल्लेख दुसऱ्याच क्रमांकावर आहे, हे ध्यानात ठेवावे; पगार थकवून गोड बोलण्याचे प्रशिक्षण घेणाऱ्या वरिष्ठाचा मला मुळीच आदर नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात वरिष्ठांना प्रशिक्षण देण्याची स्पष्ट शिफारस आहे. हाताखालचा माणूस खचतो आहे हे ओळखावे कसे, त्याच्याशी बोलावे कसे, कामाचा भार हलका करावा कसा, हे शिकवता येते, असे ती संघटना मानते.

यावर आक्षेप ठरलेला असतो: अशाने कामचुकार शेफारतील. अनुभव मला उलट सांगतो. चारचौघांत ओरडा खाल्लेला माणूस कामाला लागत नाही, साहेबाच्या नजरेआड राहायला शिकतो. चूक एकांतात दाखवणे, नेमून दिलेले काम नीट समजावणे, रजेच्या अर्जाला त्याच दिवशी हो किंवा नाही म्हणणे, यांत लाड कसले? ही कौशल्ये आहेत, आणि ती सरावानेच येतात.

आता आपल्या घराकडे पाहू. निवासी शाळेचा कणा म्हणजे अधीक्षक, स्वयंपाकी, मदतनीस आणि चौकीदार. अनुदानित वसतिगृहांतून ही मंडळी मानधनावर राबतात. रात्री दोन वाजता मुलाला ताप भरला की अधीक्षकच उठतो, आणि पहाटेच्या घंटेलाही तोच हजर. लोखंड्यांनी १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. वसतिगृहाच्या अधीक्षकाला आजही हक्काचा रविवार क्वचित मिळतो. थकलेल्या अधीक्षकाचा त्रागा शेवटी उतरतो तो मुलांवर. पालकांनी याचा विचार करावा, कारण आईवडिलांपासून दूर असलेल्या मुलाचे सुख बव्हंशी या चार माणसांच्या मनःस्थितीवर अवलंबून असते.

माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून खोल्या, पाण्याच्या टाक्या, संगणक येतात आणि त्यांवर नावांच्या पाट्या लागतात. पुढच्या वर्षीच्या निधीतून पाटी न लागणाऱ्या दोन गोष्टींसाठी पैसा राखावा, अशी माझी संस्थाचालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. पहिली, मे महिन्याच्या सुट्टीत मुख्याध्यापक, अधीक्षक आणि संचालक मंडळाचे सभासद यांच्यासाठी तीन दिवसांचे शिबिर. त्यात स्वयंपाकी आणि मदतनीस यांनाही पहिल्या दिवशी बोलावे आणि त्यांनी आधी बोलावे. शिकवायला बाहेरची माणसे शोधत बसण्याचे कारण नाही. आपल्यातच परिसेविका आहेत, कारखान्यांतले अधिकारी आहेत. दुसरी, एक बदली अधीक्षक, आठवड्यातून एक दिवस आणि एक रात्र येणारा. त्याचे वर्षाचे मानधन एका वर्गखोलीच्या बांधकामापेक्षा कितीतरी कमी होईल. हा ठराव वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत यावा.