प्रोस्टेटचा कॅन्सर : उपचार किती दिवसांचे?

प्रोस्टेटच्या कॅन्सरवरील आधुनिक उपचार म्हटले की रोबोटिक शस्त्रक्रियेची चर्चा होते. बीड जिल्ह्यातील रुग्णाच्या दृष्टीने मात्र अधिक मोलाचा बदल वेगळाच आहे. किरणोपचारांचे दिवस कमी होत आहेत.

किरणोपचार, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘शेक’, पूर्वी सात-आठ आठवडे, आठवड्यातून पाच दिवस घ्यावे लागत. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय बीडपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर. रोज ये-जा जमत नाही आणि तिथे राहायचे तर सोबतच्या माणसाचीही मजुरी बुडते. मुकादमाकडून उचल घेतलेल्या ऊसतोड कुटुंबासाठी दोन महिने म्हणजे हंगामाचा मोठा हिस्सा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार झाले, तरी बुडालेली मजुरी भरून निघत नाही. उपचार अर्ध्यावर सुटण्याचा धोका इथेच असतो.

‘पेस-बी’ या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ८७४ रुग्णांपैकी निम्म्यांना अचूक नेम साधून केवळ ५ वेळा किरणोपचार दिले, उरलेल्यांना २० किंवा अधिक वेळा. पाच वर्षांनी आजार आटोक्यात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९५.८ आणि ९४.६ टक्के होते. पहिल्या गटात लघवीचे त्रास काहीसे अधिक दिसले. शिवाय हे रुग्ण ग्रंथीपुरत्या मर्यादित, कमी ते मध्यम जोखमीच्या आजाराचे होते.

जास्त जोखमीच्या आजारासाठी मुंबईच्या टाटा मेमोरियलचा २०२१ मधील अभ्यास महत्त्वाचा ठरतो. त्यातील २२४ रुग्णांपैकी काहींना ग्रंथीसोबत ओटीपोटातील लसिकाग्रंथींवरही किरणोपचार दिले. पाच वर्षांनी आजार आटोक्यात राहण्याचे प्रमाण ८१ वरून ९५ टक्क्यांवर गेले आणि तेही २५ वेळांत, म्हणजे पाच आठवड्यांत.

आजार हाडांत पसरला असेल, तर पुरुषी संप्रेरक रोखणारी इंजेक्शने किंवा अंडग्रंथी काढण्याची एकदाच होणारी शस्त्रक्रिया, सोबत गोळ्या, असा मार्ग असतो. उलट अगदी सौम्य आजारात नियमित तपासण्या करत थांबणेही सुरक्षित असू शकते.

कमी दिवसांच्या उपचारांनी यंत्रांवरील रांगही घटते. पण त्यासाठी अचूक प्रतिमा आणि प्रशिक्षित मनुष्यबळ शासकीय रुग्णालयांत हवे.

पन्नाशीनंतर लघवी अडखळणे हे बहुतेकदा ग्रंथीच्या साध्या वाढीचे लक्षण असते. तरीही तपासणी टाळू नये. निदान झालेच, तर डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा : आजार कुठवर पोहोचला आहे आणि उपचार किती दिवसांत पूर्ण होतील?